'तो' या शब्दातील 'ती' : लंडनमधील सद्गृहस्थांचे क्लब आणि स्त्रियांना नाकारलेला प्रवेश

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील लंडन हे ब्रिटिश साम्राज्याच्या राजकारणाचे आणि व्यापाराचे केंद्र होते, त्याचप्रमाणे ते क्लबांचेही शहर होते. पॅल मॅल आणि सेंट जेम्स स्ट्रीट या दोन रस्त्यांच्या परिसरात उभ्या राहिलेल्या भव्य वास्तूंमध्ये मंत्री, न्यायाधीश, सेनाधिकारी, धर्मगुरू, संपादक आणि लेखक एकत्र भोजन करीत, वाचन करीत आणि चर्चा करीत. या वास्तूंच्या दारावर 'स्त्रियांना प्रवेश नाही' अशी पाटी क्वचितच असे. तशी आवश्यकताही नव्हती, कारण सभासद म्हणजे पुरुष हे सर्वांनी गृहीत धरलेले होते.

या प्रवेशबंदीकडे बहुधा शिष्टाचाराचा किंवा जुन्या चालीरीतींचा एक भाग म्हणून पाहिले जाते. परंतु ज्या ठिकाणी राज्यकारभाराचे आणि व्यवसायाचे निर्णय आकार घेतात, ते ठिकाण केवळ खासगी मानता येईल काय, हा प्रश्न त्यामागे दडलेला आहे. क्लबमधील प्रवेशबंदी आणि कायद्यातील 'व्यक्ती', 'पुरुष', 'तो' या शब्दांचा अर्थ यांचा इतिहास परस्परांशी निगडित आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश होय. त्यासाठी लंडनमधील क्लब हा मुख्य आधार घेतला असून, वसाहतकालीन भारत व अमेरिका यांचा विचार तुलनेपुरता केला आहे.

क्लबचा उदय आणि स्वरूप

लंडनमधील क्लबांचे मूळ सतराव्या शतकातील कॉफीगृहांत व चॉकलेटगृहांत आढळते. व्हाइट्स हा क्लब १६९३ मध्ये एका चॉकलेटगृहाच्या रूपाने सुरू झाला. १७६४ मध्ये स्थापन झालेला ब्रूक्स हा क्लब पुढे व्हिग पक्षाच्या पुढाऱ्यांचा अड्डा बनला, तर व्हाइट्सची ओळख टोरी पक्षाशी जोडली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ट्रॅव्हलर्स (१८१९), अथेनियम (१८२४), गॅरिक (१८३१), कार्लटन (१८३२) आणि रिफॉर्म (१८३६) असे नवे क्लब निघाले. जुगार व मद्यपान यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जुन्या क्लबांपेक्षा त्यांचे स्वरूप अधिक गंभीर होते. ग्रंथालय, वृत्तपत्रांचे दालन, भोजनगृह आणि निवासाच्या खोल्या यांमुळे मध्यमवर्गीय व्यावसायिकालाही माफक वर्गणीत श्रीमंती थाटाचे दुसरे घर मिळू लागले.

प्रवेशाची पद्धत मात्र जुनीच राहिली. उमेदवाराला सूचक व अनुमोदक लागत. त्यानंतर गुप्त मतदान होई आणि मतपेटीत पांढऱ्या व काळ्या गोट्या टाकल्या जात. काळ्या गोट्यांची ठरावीक संख्या भरली की उमेदवार नाकारला जाई व नकाराचे कारण कोणालाही द्यावे लागत नसे. क्लबच्या सामर्थ्याचे मर्म या कारण न देण्यातच होते. न्यायालयात, संसदेत किंवा विद्यापीठात नकाराला काहीतरी युक्तिवाद लागतो, परंतु क्लबमध्ये मौन पुरेसे असते.

स्त्रियांना वगळणे ही उच्चभ्रू समाजाची सनातन रीत होती, असेही म्हणता येत नाही. १७६५ मध्ये लंडनमध्ये उघडलेल्या आल्मॅक्स या सभागृहात स्त्री-पुरुष एकत्र जमत आणि तेथील नृत्यसमारंभांना कोणाला प्रवेशपत्रिका द्यावयाची, हे प्रतिष्ठित स्त्रियांची समिती ठरवीत असे. म्हणजे 'कोण आत आणि कोण बाहेर' हे ठरविण्याचा अधिकार अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी काही स्त्रियांच्या हाती होता. आल्मॅक्सचे महत्त्व ओसरले आणि पॅल मॅलचे क्लब बलवान झाले, तेव्हा प्रवेशाच्या निवडीचे केंद्रही पुरुषांकडे सरकले. घर हे स्त्रीचे क्षेत्र आणि बाहेरचे जग पुरुषाचे, या विभागणीवर व्हिक्टोरियन समाजाने भर दिला. या विभागणीत क्लबचे स्थान मोठे चमत्कारिक होते. क्लब हे घरासारखेच सुखसोयींनी युक्त स्थान होते, पण त्या घरात गृहिणी नव्हती.

सुधारणा आणि 'पुरुष व्यक्ती'

रिफॉर्म क्लबचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोलके आहे. १८३२ च्या सुधारणा कायद्याच्या समर्थकांनी हा क्लब स्थापन केला. या कायद्याने मताधिकाराची कक्षा वाढविली, हे सर्वश्रुत आहे. त्याच कायद्याने मतदाराची व्याख्या करताना 'पुरुष व्यक्ती' असा शब्दप्रयोग करून संसदीय कायद्यात स्त्रियांना प्रथमच स्पष्टपणे वगळले, ही बाब मात्र तितकीशी सांगितली जात नाही. तत्पूर्वी रूढीने स्त्रिया मतदान करीत नव्हत्या, पण कायद्याच्या शब्दांत तसे लिहिलेले नव्हते. सुधारणेचा उत्सव करणाऱ्या क्लबचे दार स्त्रियांना बंद असावे, यात म्हणूनच एक आंतरिक सुसंगती होती.

पुढील संघर्ष शब्दांच्याच आधारे झाला. कायद्यातील पुल्लिंगी शब्दांत, विरुद्ध तरतूद नसल्यास, स्त्रियांचाही समावेश मानावा, असे १८५० च्या एका कायद्याने ठरविले होते. १८६७ च्या सुधारणा विधेयकात 'पुरुष' या अर्थाचा शब्द आला, तेव्हा जॉन स्टुअर्ट मिल यांनी त्याऐवजी 'व्यक्ती' हा शब्द घालावा अशी उपसूचना मांडली. ती ७३ विरुद्ध १९६ मतांनी फेटाळण्यात आली. तरीही मँचेस्टरमधील पाच हजारांहून अधिक स्त्रियांनी १८५० च्या कायद्याचा आधार घेऊन मतदारयादीत नाव नोंदविण्याचा हक्क सांगितला. १८६८ मधील 'चोर्लटन विरुद्ध लिंग्ज' या खटल्यात न्यायालयाने तो नाकारला. दीर्घ रूढीमुळे स्त्रिया मताधिकारास अपात्र आहेत आणि अशा ठिकाणी पुल्लिंगी शब्दात त्या येत नाहीत, असा निर्णयाचा आशय होता. कर भरावयाचा वा शिक्षा भोगावयाची असेल तेव्हा 'तो' या शब्दात 'ती' सामावत असे, परंतु हक्क मागताना तोच शब्द संकुचित होई.

संसदेची अंतर्गत रचनाही या मनोवृत्तीला अनुरूप होती. हाउस ऑफ कॉमन्सला लंडनमधील सर्वोत्तम क्लब म्हटले जाई, ते केवळ विनोदाने नव्हे. स्त्रियांसाठीच्या सज्जापुढे धातूची जड जाळी बसविलेली होती. सभासदांना स्त्रिया दिसू नयेत, अशी ती व्यवस्था होती. १९०८ मध्ये मताधिकाराच्या दोन कार्यकर्त्या स्त्रियांनी स्वतःला या जाळीला साखळदंडाने बांधून घेतले. अखेर १९१७ मध्ये ती जाळी काढण्यात आली.

भोजनाचे टेबल आणि व्यवसायाचे दार

क्लबमधील प्रवेशबंदीचा परिणाम सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो वकिली व्यवसायात. इंग्लंडमध्ये बॅरिस्टर होण्यासाठी चार 'इन्स ऑफ कोर्ट'पैकी एकाचे सभासद व्हावे लागे आणि तेथील भोजनांना ठरावीक वेळा उपस्थित राहावे लागे. अर्थात व्यवसायाचा परवाना काही अंशी भोजनाच्या टेबलावरून जात होता. १९०३ मध्ये ग्रेज इनने एका स्त्रीचा प्रवेशअर्ज नाकारला. सॉलिसिटर होऊ इच्छिणाऱ्या ग्विनेथ बेब यांच्या १९१३ मधील खटल्यात, संबंधित कायद्यातील 'व्यक्ती' या शब्दात स्त्री येत नाही, असा निकाल अपील न्यायालयाने दिला.

या इतिहासाशी महाराष्ट्राचाही एक धागा जोडलेला आहे. नाशिक येथे १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पहिल्या विद्यार्थिनी होत. त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ मध्ये विशेष अनुमतीने कायद्याच्या बी.सी.एल. परीक्षेस बसल्या. परंतु त्या काळी ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवी देत नव्हते, आणि बॅरिस्टर होण्याचा मार्गही त्यांना बंद होता. १९१९ च्या कायद्याने व्यवसायांतील लिंगाधारित अपात्रता दूर झाल्यानंतर काही वर्षांनी लिंकन्स इनमधून त्या बॅरिस्टर झाल्या. परीक्षा दिल्यापासून सुमारे तीस वर्षे त्यांना थांबावे लागले. या विलंबाचे कारण त्यांच्या विद्वत्तेत नव्हते. ते संस्थांच्या सभासदत्वाच्या नियमांत होते.

साम्राज्यभरातील न्यायालयांच्या वरचे सर्वोच्च अपीलस्थान असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९२९ मध्ये कॅनडातील एका प्रकरणात, सेनेटवर नियुक्तीसाठी पात्र 'व्यक्ती' या शब्दात स्त्रियांचा समावेश होतो, असे ठरविले. शब्द जुनाच राहिला होता, त्याचा अर्थ लावणारा काळ बदलला होता.

खासगीपणाचे कवच

सार्वजनिक संस्थांची दारे अशा रीतीने उघडत असताना क्लब मात्र बंदच राहिले, कारण ते 'खासगी' मानले गेले. तथापि खासगीपणाचे हे कवच राजकीय वास्तवाशी जुळत नव्हते. १९ ऑक्टोबर १९२२ रोजी काँझर्व्हेटिव्ह पक्षाच्या खासदारांची बैठक कार्लटन क्लबमध्ये भरली आणि तेथील मतदानाने लॉइड जॉर्ज यांच्या संमिश्र सरकारचा शेवट झाला. देशाचे सरकार ज्या वास्तूत कोसळले, त्या क्लबचे पूर्ण सभासदत्व स्त्रियांना २००८ पर्यंत मिळाले नाही. १९७५ मध्ये मार्गारेट थॅचर पक्षाच्या नेत्या झाल्या, तेव्हा क्लबपुढे अडचण उभी राहिली. त्यांना सन्माननीय सभासद करून ती सोडविण्यात आली. एका स्त्रीसाठी अपवाद केला गेला आणि स्त्रियांसाठीचा नियम तसाच राहिला. अपवाद हा नियमाचा पराभव नसून पुष्कळदा नियमाचे संरक्षण असतो, याचे हे उदाहरण होय.

कायद्यानेही या कवचाला दीर्घकाळ मान दिला. १९७३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, भारतीय वंशाच्या एका अर्जदाराला नाकारणाऱ्या काँझर्व्हेटिव्ह क्लबच्या प्रकरणात, खऱ्या अर्थाने खासगी असलेल्या क्लबला वंशभेदविरोधी कायदा लागू होत नाही, असा निर्णय दिला. त्यावर संसदेने १९७६ चा वंशसंबंध कायदा करून पंचवीस किंवा अधिक सभासद असलेल्या क्लबांना वंशभेद करण्यास मनाई केली. परंतु त्यापूर्वी वर्षभर आधीच झालेल्या १९७५ च्या लिंगभेदविरोधी कायद्यात खासगी क्लबांना हात लावण्यात आला नव्हता. वंशाच्या संदर्भात जे खासगीपण संसदेने अमान्य केले, ते लिंगाच्या संदर्भात मान्य ठेवले. २०१० च्या समानता कायद्याने स्त्री-पुरुष दोघेही सभासद असलेल्या क्लबांत भेदभाव करण्यास बंदी केली. मात्र केवळ पुरुषांचा किंवा केवळ स्त्रियांचा क्लब चालविणे त्यानंतरही कायदेशीरच राहिले.

अमेरिकेत याच प्रश्नाकडे निराळ्या दृष्टीने पाहण्यात आले. न्यूयॉर्क शहराच्या १९८४ च्या कायद्याने, चारशेहून अधिक सभासद असलेला, नियमित भोजनाची व्यवस्था करणारा आणि व्यवसायाच्या निमित्ताने बाहेरील लोकांकडून पैसे स्वीकारणारा क्लब 'निखळ खासगी' मानता येणार नाही, असे ठरविले. १९८८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याविरुद्धचे आव्हान फेटाळले. तत्पूर्वी १९८७ मध्ये रोटरी क्लबच्या प्रकरणातही त्याच न्यायालयाने कॅलिफोर्नियातील क्लबांना स्त्रियांना प्रवेश देणे भाग पाडणारा कायदा वैध ठरविला होता. १९८९ मध्ये रोटरीने जगभरातील आपल्या शाखांसाठी पुरुषांपुरती अट रद्द केली. त्यामुळे महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचलेल्या या संस्थेची दारेही स्त्रियांना खुली झाली. भोजनाचे बिल कोण भरतो, यावरून खासगी व सार्वजनिक यांतील सीमा ठरविण्याची ही अमेरिकन पद्धत रूक्ष वाटली, तरी ती वास्तवाला धरून होती.

वगळलेल्यांनी वगळलेल्या

ब्रिटिशांबरोबर क्लब ही संस्था भारतात आली, तेव्हा तिच्यात वंशाची भिंत प्रमुख होती. कलकत्त्याचा बेंगॉल क्लब (१८२७) आणि मुंबईचा भायखळा क्लब (१८३३) ही युरोपियनांची ठिकाणे होती. येथील युरोपियन स्त्रियांना बहुधा वेगळ्या दालनापुरता प्रवेश असे आणि त्या दालनाला काही ठिकाणी 'मुर्गीखाना' असे हिणकस नाव पडले होते. इतिहासकार मृणालिनी सिन्हा यांनी दाखविल्याप्रमाणे, क्लब ही वसाहतीत 'गोरेपणा' घडविणारी व राखणारी संस्था होती.

या वंशभेदाला उत्तर म्हणून भारतीयांनी व काही उदारमतवादी ब्रिटिशांनी मिश्र क्लब काढले. १९०७ मध्ये स्थापन झालेला कॅलकटा क्लब त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध होय. उद्योगपती राजेंद्रनाथ मुखर्जी यांना व्हाइसरॉयसमवेत भोजनासाठी बेंगॉल क्लबमध्ये प्रवेश नाकारला गेला, त्यातून या क्लबची कल्पना निघाली, असे परंपरेने सांगितले जाते. भेदभावाच्या अनुभवातून जन्मलेल्या या संस्थेने स्त्रियांना सभासदत्व दिले ते २००७ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर तब्बल शंभर वर्षांनी. अन्यायाचा अनुभव घेतलेला समूह दुसऱ्याच्या अन्यायाबद्दल आपोआप जागा होतो, असा समज या उदाहरणाने खोटा ठरतो. वंशाची भिंत पाडणाऱ्यांना लिंगाची भिंत दिसली नाही, कारण ती त्यांच्या स्वतःच्या घरातूनच उभी राहिलेली होती.

स्त्रियांचे प्रत्युत्तर

वगळलेल्या स्त्रिया स्वस्थ बसल्या नव्हत्या. १८६८ मध्ये न्यूयॉर्कच्या पत्रकारांनी चार्ल्स डिकन्स यांच्या सन्मानार्थ भोजन योजिले, त्यात स्त्री पत्रकारांना डावलण्यात आले. त्यावर जेन कनिंगहॅम क्रोली यांनी 'सोरोसिस' हा स्त्रियांचा क्लब स्थापन केला. लंडनमध्ये १८७४ साली स्त्री-पुरुष दोघांनाही सभासदत्व देणारा अल्बेमार्ल क्लब निघाला. १८९२ मध्ये पायोनियर क्लब आणि विसाव्या शतकाच्या आरंभी लायसियम क्लब सुरू झाला. लेखन, चित्रकला, पत्रकारिता यांवर उपजीविका करणाऱ्या स्त्रियांना शहरात बसण्यासाठी, भेटण्यासाठी व भोजनासाठी प्रतिष्ठित जागा मिळावी, ही लायसियमची भूमिका होती.

महाराष्ट्रात पंडिता रमाबाई यांनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. रमाबाई रानडे यांनी १८९० च्या दशकात मुंबईत हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लबच्या माध्यमातून स्त्रियांना एकत्र आणले. येथे 'क्लब' हाच शब्द निराळ्या अर्थाने वापरलेला दिसतो. पुरुषांचा क्लब हा सत्ता असलेल्यांच्या विश्रांतीचे स्थान होता, तर स्त्रियांचा क्लब हा सत्ता नसलेल्यांच्या शिक्षणाचे व संघटनेचे साधन होता. 'स्त्रियांचे स्वतंत्र क्लब चालतात, मग पुरुषांचे का नकोत', असा युक्तिवाद वारंवार केला जातो. त्याचे उत्तर या फरकात आहे. दोन्ही दारे बंद असली, तरी एका दारामागे मंत्री आणि न्यायाधीश बसलेले होते.

दारे उघडण्याचा क्रम

लंडनच्या जुन्या क्लबांपैकी रिफॉर्म क्लबने १९८१ मध्ये स्त्रियांना सभासदत्व दिले. अथेनियमने तो निर्णय अमलात आणण्यास २००२ पर्यंत वेळ घेतला. क्रिकेटचे नियम ठरविणाऱ्या मेरीलेबोन क्रिकेट क्लबने १९९८ मध्ये मतदानाने आपले दार उघडले. गॅरिक क्लबचा संघर्ष सर्वांत दीर्घ ठरला. अठराव्या शतकातील थोर नट डेव्हिड गॅरिक यांचे नाव धारण करणाऱ्या या क्लबमध्ये नटांबरोबरच वकील व न्यायाधीश मोठ्या संख्येने सभासद होते. पुढे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झालेल्या लेडी हेल यांनी २०११ मध्ये, आपले अनेक सहकारी न्यायाधीश या क्लबचे सभासद असल्याबद्दल जाहीर नापसंती व्यक्त केली. २०१५ मधील मतदानात ५०.५ टक्के मते स्त्रियांच्या प्रवेशाच्या बाजूने पडली, पण नियमबदलासाठी दोन तृतीयांश बहुमत आवश्यक असल्याने प्रस्ताव फेटाळला गेला.

मार्च २०२४ मध्ये 'गार्डियन' वृत्तपत्राने सभासदांची नावे प्रसिद्ध केली. त्यानंतर ब्रिटनचे कॅबिनेट सचिव आणि परदेशी गुप्तवार्ता संस्थेचे प्रमुख यांनी सभासदत्वाचा राजीनामा दिला. याच सुमारास कायदेपंडितांनी एक जुना मुद्दा नव्याने पुढे आणला. १९२५ च्या मालमत्ता कायद्यानुसार करारपत्रांतील पुल्लिंगी शब्दांत स्त्रीलिंगाचा समावेश होतो. क्लबची नियमावली हाही एक करारच असल्याने, तीत 'तो' असे लिहिले असले तरी स्त्रियांना प्रवेश देण्यासाठी नियम बदलण्याची गरजच नाही, असे मत देण्यात आले. ७ मे २०२४ रोजी सुमारे ६० टक्के सभासदांनी हा अर्थ स्वीकारला. त्यानंतर ज्यूडी डेंच व शॉन फिलिप्स या ज्येष्ठ अभिनेत्री क्लबच्या पहिल्या स्त्री सभासद झाल्या. नटाच्या नावाने स्थापन झालेल्या क्लबमध्ये अभिनेत्रीला पोहोचण्यास १९३ वर्षे लागली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे, खासगी व सार्वजनिक यांतील सीमा निसर्गदत्त नसून ती कायदा, रूढी आणि सत्ता यांनी आखलेली असते, आणि वंशाच्या बाबतीत ती पुसली गेली तरी लिंगाच्या बाबतीत ती टिकू शकते. दुसरी, भेदभावाविरुद्ध उभी राहिलेली संस्थाही स्वतः दुसरा भेदभाव जोपासू शकते. तिसरी, शब्द स्वतः कोणाला आत घेत नाहीत किंवा बाहेर ठेवत नाहीत. १८६८ मध्ये न्यायालयाने पुल्लिंगी शब्दात स्त्री नाही असे म्हटले आणि २०२४ मध्ये क्लबच्या सभासदांनी ती त्यात आहे असे मानले. या दीडशेहून अधिक वर्षांत मताधिकाराची चळवळ, व्यवसायांतील स्त्रियांचा प्रवेश, कायद्यातील बदल आणि वृत्तपत्रांचा दबाव यांमुळे शब्द वाचणारी दृष्टी पालटली.

औपचारिक समानता प्राप्त झाल्यानंतरही जेथे ओळखी होतात, शिफारशी मिळतात आणि विश्वास निर्माण होतो अशी अनौपचारिक स्थाने कोणाच्या ताब्यात आहेत, हे तपासणे आवश्यक ठरते. अशा स्थानांत नकाराचे कारण द्यावे लागत नाही आणि त्यामुळे त्याची नोंदही राहत नाही. ती नोंद शोधून काढणे हे स्त्रियांच्या इतिहासाच्या अभ्यासकांपुढील एक महत्त्वाचे कार्य होय.